दोर सुटल्यानंतर

दोर सुटल्यानंतर काय होतं, हे कुणी फारसं विचारत नाही. बीडीएसएम, म्हणजे बांधणं, हुकूम आणि वेदना यांचा संमतीने केलेला खेळ, हे नाव ऐकलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते मधलं सगळं: गाठी, चामडी पट्टे, डोळ्यांवर बांधलेलं कापड, एकाने सोडलेला हुकूम आणि दुसऱ्याने तो पाळणं. कुतूहलापोटी विचारलेले प्रश्नही तेवढ्यापुरतेच असतात. दुखत नाही का? आवडतं तरी कसं? मी या जगात बरीच वर्षं आहे. आज्ञा पाळणाऱ्या बाजूला राहिले आहे आणि दोर हातात घेऊन दुसऱ्या बाजूलाही. आता समोरच्या माणसाला जोखायचं असेल तर मी एवढंच विचारते, की सीन, म्हणजे ठरवून केलेला हा खेळ, संपल्यावर तुम्ही काय करता?

काहीजण गडबडतात. काहीजण हसून म्हणतात, ‘झोपतो.’ आणि काहीजण थांबून सांगू लागतात: तिला थंडी वाजते म्हणून पांघरूण आधीच जवळ ठेवतो, पाणी लागतं, पहिली दहा-पंधरा मिनिटं तिला बोललेलं आवडत नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन करतो. असं सांगणाऱ्याच्या हातात दोर द्यायला मला भीती वाटत नाही. तो कितीही साध्या गाठी बांधत असला तरी.

या नंतरच्या काळजीला सगळे आफ्टरकेअर म्हणतात. सीन संपल्यावर दोघांनी एकमेकांना पुन्हा रोजच्या जगात आणण्यासाठी दिलेला वेळ, असं ढोबळमानाने सांगता येईल. त्यात पाणी असतं, काहीतरी गोड किंवा हलकं खाणं असतं, ऊब असते, स्पर्श असतो किंवा ठरवून नसतो. बांधलेल्या जागा बघणं असतं, वळ उठले असतील तर कापडात गुंडाळलेला बर्फ असतो. बघणाऱ्याला यात विशेष काही दिसणार नाही. पण शरीरात त्या वेळी काय चाललेलं असतं हे समजलं, की याची गरज समजते.

तीव्र सीनमध्ये शरीर खरोखरच संकटात असल्यासारखं वागतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, वेदना बोथट करणारी एंडॉर्फिन्स स्रवतात. डोक्याला कितीही माहीत असलं की हे आपण मागितलेलं आहे, तरी शरीर आपली जुनी यंत्रणा चालू करतंच. काहींना या अवस्थेत तरंगल्यासारखं वाटतं, वेळेचं भान जातं, शब्द सापडत नाहीत. त्याला सबस्पेस म्हणतात. त्या अवस्थेतल्या माणसाला ‘ठीक आहेस ना?’ विचारलं तर तो ‘हो’ म्हणतो, आणि त्या ‘हो’ला फारसा अर्थ नसतो. मग सीन थांबतो, यंत्रणा बंद होते, आणि चढलेलं सगळं उतरू लागतं. अंग गार पडतं, हातपाय थरथरतात, कधी कारण नसताना रडू फुटतं. रडणं म्हणजे काही बिघडलं असं नाही. पण त्या क्षणी माणूस एकटा असेल तर बिघडायला वेळ लागत नाही.

2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रॅड सॅगरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जोड्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. सीनदरम्यान बांधून घेणाऱ्या, मार सोसणाऱ्या माणसांमध्ये ते वाढलेलं दिसलं. ज्यांनी आपला सीन चांगला झाला असं सांगितलं, त्यांच्यात नंतर ताण उतरला आणि जोडीदाराबद्दलची जवळीक वाढली. वाढलेल्या जवळिकीबरोबरच सीनच्या वेळी दिसलेली माया आणि काळजीही संशोधकांनी नोंदवली आहे. मी ते वाचलं तेव्हा नवल वाटलं नाही, पण बरं वाटलं. आपण जे अंगावर अनुभवतो ते कुणीतरी परीक्षानळीतही पाहिलं, याचा एक दिलासा असतो.

तरीही आफ्टरकेअर म्हणजे केवळ संप्रेरकांचा हिशोब, असं मला वाटत नाही. माझ्या मते त्याचं खरं काम वेगळं आहे. सीनमध्ये एक माणूस स्वतःवरचा अधिकार काही काळापुरता दुसऱ्याच्या हवाली करतो. कसं बसायचं, कधी बोलायचं, काय सोसायचं, हे दुसरा ठरवतो. ही देवघेव दोघांनी ठरवून केलेली असते आणि तिची हद्द ठरलेली असते. पण हवाली केलेली गोष्ट आपोआप परत येत नाही. दोर सोडला तरी माणूस आतून अजून बांधलेला असतो. पुढचा हुकूम ऐकण्याच्या तयारीत असतो. त्याचा अधिकार त्याला परत द्यावा लागतो, आणि तो परत द्यायची जबाबदारी तो हाती घेतलेल्याची असते. ‘पाणी हवं का?’ हा प्रश्न त्यासाठी असतो. बऱ्याच वेळानंतर समोरच्याने स्वतःसाठी घेतलेला तो पहिला निर्णय असतो: हवं किंवा नको. मग दुसरा: जवळ बसू की थोडं लांब? मग तिसरा. असं करत माणूस स्वतःकडे परत येतो.

अपमानाचे शब्द ज्यांच्या खेळात असतात त्यांच्यासाठी तर हे फार जपून करावं लागतं. ठरवून बोललेला कठोर शब्द सीनमध्ये गोड लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर तोच शब्द खरा वाटू शकतो. म्हणून तो शब्द उच्चारणाऱ्यानेच तो नंतर मागे घ्यावा लागतो, स्पष्ट शब्दांत. मला तुझ्याबद्दल काय वाटतं ते हे आहे, मघाचं ते तेवढ्यापुरतं होतं. ‘तिला कळतंच की’ असं म्हणून हे टाळणारे मला भेटले आहेत. कळत असतं. तरी ऐकावं लागतं.

आणि हे सगळं त्याच रात्री संपतंही नाही. ड्रॉप म्हणून जी गोष्ट आहे ती कित्येकदा एक-दोन दिवसांनी येते. ऑफिसात बसल्या बसल्या एकदम पोकळ वाटतं, चिडचिड होते, लाज वाटू लागते, ‘मी अशी का आहे’ हा जुना प्रश्न डोकं वर काढतो. पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला तर कळतच नाही की याचा शनिवारच्या सीनशी काही संबंध आहे. त्याला वाटतं आपलं नातं चुकतंय, किंवा आपणच. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा फोन हा आफ्टरकेअरचाच भाग आहे. लांबच्या शहरांत राहून, पडद्यावरून असे संबंध जपणाऱ्यांसाठी तर तो फोन हेच बहुतेक सगळं असतं. कॅमेरा बंद करून निघून जाणं, हे दोर सोडून खोलीबाहेर निघून जाण्याइतकंच वाईट आहे.

ड्रॉप हुकूम देणाऱ्यालाही येतो, हे मात्र फार कमी बोललं जातं. आपल्या माणसाच्या अंगावर आपण उठवलेला वळ दुसऱ्या दिवशी उजेडात दिसतो, तेव्हा काय वाटतं हे मला माहीत आहे. ते सगळं संमतीने झालेलं असतं, तिने पुन्हा पुन्हा मागितलेलं असतं, आणि तरी हात जड होतात. डॉमने, म्हणजे हुकूम देणाऱ्याने, खंबीरच राहिलं पाहिजे, ही समजूत इथे घात करते. दोन तास सतत दुसऱ्याचा श्वास, रंग, आवाज यांवर लक्ष ठेवून डोकं थकलेलं असतं. त्यालाही कुणीतरी जवळ घेऊन सांगावं लागतं, की मला छान वाटलं, तू मला काही इजा केलेली नाहीस. सबने, म्हणजे हुकूम पाळणाऱ्याने, डॉमची काळजी घेतली तर त्यांचं नातं उलटं होत नाही.

आता प्रशिक्षणाकडे येते, कारण माझ्या दृष्टीने ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

ट्रेनिंग हा शब्द या जगात दोन तऱ्हांनी वापरला जातो. एक म्हणजे हुकूम देणाऱ्याने, हत्यार हाती घेणाऱ्याने शिकायचं ते. दुसरं म्हणजे सबला शिकवायचं ते: कसं उभं राहायचं, कसं उत्तर द्यायचं, दोघांमध्ये ठरलेले रिवाज. दुसऱ्याबद्दल लोक भरभरून बोलतात, पहिल्याबद्दल हात आखडतात. मला हे उफराटं वाटतं. ज्याच्या हातात समोरच्याचं शरीर आहे, त्याचं शिक्षण आधी व्हायला हवं.

दोराचंच घ्या. दंडाच्या मागच्या बाजूने रेडियल नावाची नस, म्हणजे मज्जातंतू, हाडाला वळसा घालून खाली उतरते. तिथे दोराचा दाब चुकीचा पडला तर मनगट लुळं पडू शकतं. हाताचा पंजा वर उचलताच येत नाही, आणि ते बरं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. हे व्हायला तासभर लागत नाही. काही मिनिटंही पुरतात. मुंग्या येतील, मग ती सांगेल, मग मी सोडेन, असा भरवसा धरता येत नाही, कारण कधी कधी मुंग्या येण्याआधीच ताकद जाते. म्हणून बांधणाऱ्याने अधूनमधून आपली बोटं तिच्या तळहातात देऊन ‘दाब’ म्हणायचं असतं, मनगट मागे उचलायला लावायचं असतं, दोन्ही हातांत फरक जाणवतो का ते बघायचं असतं. दोर कापायची बोथट टोकाची कात्री हाताशी हवी. पलीकडच्या खोलीतल्या कपाटात नव्हे. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून जायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. या गोष्टी वाचून माहीत होतात, पण हाताला सवय लागेपर्यंत त्या येत नाहीत. आपल्याच मांडीवर गाठ बांधून सोडून बघावी लागते, अंधारात सोडता येते का ते बघावं लागतं.

मारण्याचंही तेच. मांसल भागावर, म्हणजे नितंबांवर, मांड्यांच्या मागे, चालतं. मूत्रपिंडांवर, मणक्यावर, मानेवर, सांध्यांवर कधीच नाही. नवा चाबूक हातात आला की आधी उशीवर नेम धरून बघायचा, रोज, कंटाळा येईपर्यंत. मग तो स्वतःच्या अंगावर झेलायचा. ज्या जुन्या मंडळींकडून मी शिकले त्यांचा हा आग्रह असे: जे दुसऱ्याला देणार आहेस ते आधी घेऊन बघ. आणि काही गोष्टी कितीही शिकल्या तरी सुरक्षित होत नाहीत. गळा दाबण्याची सुरक्षित पद्धत कुणी शिकवत असेल तर त्या माणसापासून लांब राहावं. मानेच्या रक्तवाहिन्या दबल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि रक्तवाहिनीला झालेली इजा काही दिवसांनी पक्षाघात होऊन समोर येऊ शकते. इथे माझं मत लवचीक नाही.

पण हातांच्या शिक्षणापेक्षा कठीण असतं ते लक्ष देण्याचं शिक्षण. श्वास कधी आखडला, हसू कधी थांबलं, उत्तर यायला आज वेळ का लागतोय, हे वाचता येणं. सेफवर्ड, म्हणजे थांबवण्यासाठी आधी ठरवलेला शब्द, असतोच, हिरवा, पिवळा, लाल ही साधी पद्धत जवळपास सगळ्यांना माहीत असते, आणि तोंड बांधलेलं असेल तर हातातली वस्तू खाली टाकणं ही खूण असते. पण सबस्पेसमध्ये गेलेल्या माणसाला ‘लाल’ म्हणायचं सुचतच नाही, कधी आपल्या माणसाला निराश करायचं नाही म्हणून तो म्हणत नाही. सेफवर्ड आला नाही म्हणून सगळं ठीक होतं, हा बचाव शिकलेल्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. त्याच कारणासाठी सीन चालू असताना नवीन काही मागायचं नाही. जे आधी, शुद्धीवर, कपडे घालून बसलेलं असताना ठरलं तेवढंच. त्यात दमा आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, जुना खांदा दुखतो का, कुठल्या शब्दाने जुनी जखम उघडते, हे सगळं येतं. आणि आफ्टरकेअर काय हवं तेही तेव्हाच विचारायचं, कारण नंतर विचारलं तर तिला सांगता येत नाही.

हे शहाणपण कुणा एकाने लिहून ठेवलेलं नाही. 1971 साली न्यूयॉर्कमध्ये यूलनश्पीगल सोसायटी सुरू झाली, 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सोसायटी ऑफ जेनस. लपूनछपून जगणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन एकमेकांना शिकवायला सुरुवात केली. 1983 मध्ये न्यूयॉर्कच्याच एका समलिंगी पुरुषांच्या गटाच्या लिखाणातून ‘सेफ, सेन अँड कन्सेन्शुअल’ हे सूत्र आलं, म्हणजे सुरक्षित, समंजस आणि संमतीने. पुढे काहींना ‘सुरक्षित’ हा दावा पोकळ वाटला. दोर, चाबूक, मेण यांत पूर्ण सुरक्षित असं काही नसतं. धोका ओळखून, कबूल करून संमती दिली जाते, असं म्हणत 1999 च्या सुमारास ‘रॅक’, म्हणजे ‘रिस्क-अवेअर कन्सेन्शुअल किंक’, हे दुसरं सूत्र पुढे आलं. मला ते अधिक प्रामाणिक वाटतं. धोका शून्य आहे असं मानणारा माणूस कात्री जवळ ठेवत नाही.

आता त्या दुसऱ्या ट्रेनिंगबद्दल. नवख्या माणसाला, बहुतेकदा तरुण मुलीला, कुणीतरी मेसेज करतो: मी तुला ट्रेन करीन. पहिल्या संभाषणातच हुकूम सुरू होतात, संबोधनाचा आग्रह सुरू होतो. तिने हद्द सांगितली की उत्तर येतं, खऱ्या सबला लिमिट्स नसतात. मैत्रिणींशी बोलू नकोस, त्यांना हे समजणार नाही. आफ्टरकेअर विचारलं तर, ते लाडावलेल्यांसाठी असतं. हे वाक्य ज्याच्या तोंडून आलं त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवावं. तो शिस्त शिकवत नाही. तो तिच्या तोंडातला ‘नाही’ हा शब्द काढून घेतोय. आणि हे करताना तो आपल्या या संपूर्ण जगाची भाषा वापरतो याचा मला फार राग येतो.

सबचं खरं शिक्षण याच्या नेमकं उलट दिशेला जातं. ते माणसाला अधिक बोलकं करतं. चांगल्या हाताखाली शिकलेल्या सबला सांगता येतं की डावा अंगठा बधिर होतोय, की ही वेदना चालेल पण ती नाही, की आज मन थाऱ्यावर नाही तर नको. सुरुवातीला मला यातलं काहीच सांगता येत नसे. मला जो शिकवत होता तो मधेच थांबून विचारायचा, ‘आकड्यात सांग, किती दुखतंय?’ मी काहीतरी सांगायचे. तो म्हणायचा, ‘हे मला खूश करण्यासाठी सांगितलंस. खरं सांग.’ हीच शिस्त होती, आणि गुडघे टेकण्यापेक्षा ती कितीतरी अवघड होती. रिवाज, बसण्याची पद्धत, संबोधनं यांना माझ्या आयुष्यात आजही मोल आहे, त्यांतून मिळणारी शांतता खरी आहे. पण ती या खरं बोलण्याच्या पायावर उभी असते.

एक गोष्ट इथे स्पष्ट म्हटली पाहिजे. आफ्टरकेअरने सगळं धुऊन निघत नाही. ठरलेली हद्द ओलांडायची, सेफवर्ड ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, आणि मग पांघरूण घालून, केसांतून हात फिरवून गोड बोलायचं, हे आफ्टरकेअर नव्हे. उलट त्याने जास्त गोंधळ होतो, कारण ज्याने दुखावलं त्याच्याच मिठीत बरं वाटतं, आणि मग बाई महिनोन्‌महिने स्वतःलाच विचारत राहते की तेव्हा झालं ते मी वाईट म्हणू की नको. म्हणायला हरकत नाही. मिठी खरी असू शकते आणि मोडलेली संमतीही खरीच असते.

बाहेरच्या जगाने या सगळ्याकडे बराच काळ आजार किंवा गुन्हा म्हणूनच पाहिलं. इंग्लंडमध्ये 1993 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की अशा प्रसंगी झालेल्या इजेसाठी संमती हा बचाव होऊ शकत नाही. वैद्यकाची भाषा मात्र हळूहळू बदलली. 2013 च्या डीएसएम-5 ने, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या विकारसूचीने, वेगळी लैंगिक आवड आणि विकार यांत फरक केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मधून, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, संमतीने होणारा सॅडोमॅसोकिझम विकारांच्या यादीतून गेला. दुसऱ्याच्या संमतीशिवाय केलेली क्रूरता तेवढी उरली. हे योग्यच झालं. पण यादी बदलली म्हणून लाज जात नाही. हात बधिर राहिला तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन ‘दोराने बांधला होता’ हे सांगणं आजही कित्येकांना जमत नाही. ते ‘झोपेत अवघडला’ म्हणतात. ताकद गेली असेल, बधिरपणा काही तासांत उतरला नसेल, तर खरं सांगावं. बांधणाऱ्याने सोबत जावं. माझ्या मते हेही आफ्टरकेअरच.

मग तीन-चार दिवसांनी, दोघंही जमिनीवर आल्यावर, एक बोलणं होतं. त्याच रात्री ते करू नये. त्या रात्री सगळंच सुंदर वाटतं. नंतर बसून विचारायचं: कुठे मी घाई केली? कुठे तू बोलणार होतीस आणि बोलली नाहीस? पांघरूण पुरेसं होतं की तू एकटी पडलीस? ज्याला एकटं राहून सावरायला आवडतं त्याने तेही सांगावं, सगळ्यांना मिठी लागतेच असं नाही. मात्र तेव्हाही दुसऱ्याने दाराबाहेर जागं राहायचं असतं. या बोलण्यात कुणी कुणाचा मालक नसतो. ‘ते मला नाही आवडलं’ असं तिने म्हटलं तर त्यावर वाद होत नाही, पुन्हा एकदा करून बघू असा आग्रह होत नाही. ती गोष्ट पुढच्या वेळच्या ठरावातून निघून जाते, आणि तिला पुन्हा हवीशी वाटलीच तर तिनेच ती परत आणायची असते.